आधी वाट, मग भोगवटा

हे पत्र विनंतीचं नाही. विनंतीची पत्रं आपल्या कार्यालयात आवक क्रमांकासह पडून आहेत.

नियोजनाचा अधिकार ज्यांच्याकडे आहे आणि भोगवटा प्रमाणपत्रावर ज्यांची सही होते, त्यांना हे उद्देशून आहे. कार्यालयाचं नाव आम्ही इथे लिहीत नाही. ज्यांचं आहे त्यांना ते कळेल.

आम्ही वालीवचे लोक. वालीव नाका, सातिवली, धुमाळनगर, गोलाणी, फादरवाडी, भोयदापाडा, राजीवली. नव्या टॉवरमध्ये हप्ते भरून राहायला आलेले, चाळीतले, पाड्यांवरचे मूळचे. गाळ्यांत राबणारे आणि गाळे चालवणारेसुद्धा. आमचं आपापसांत फार थोड्या गोष्टींवर जमतं. या गोष्टीवर जमलं आहे.

मागणी एका वाक्याची आहे. जिथून माणूस चालत, सायकलने किंवा बसने सुरक्षित ये-जा करू शकत नाही, अशा एकाही नव्या इमारतीला भोगवटा देऊ नका.

यापूर्वी आम्ही थांबलो. किती थांबलो, ते नोंदवून ठेवतो.

1990 मध्ये वसई-विरार उपप्रदेशासाठी सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं गेलं. पश्चिम पट्ट्यातून तेव्हा हजारो हरकती गेल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समिती रस्त्यावर उतरले. आमच्या पूर्व पट्ट्यात तेव्हा कारखाने येत होते, हाताला काम मिळत होतं. आम्ही थांबलो.

2007 मध्ये विकास आराखडा मंजूर झाला. तो 2021 पर्यंतचा. त्यात रस्ते आखले होते. आम्ही थांबलो.

3 जुलै 2009 रोजी चार नगरपरिषदा आणि 53 गावं एकत्र करून महापालिका झाली. शहर झालो म्हणजे शहराची बस येईल, असं आम्ही धरून चाललो. 2012 मध्ये पालिकेची बस आली. एसटीने शहरी फेऱ्यांतून हळूहळू अंग काढून घेतलं. 2020 मध्ये पालिकेची बसही बंद पडली आणि नंतर नव्या ठेकेदाराकडून पुन्हा सुरू झाली. मग विजेवरच्या बस आल्या. चांगलं झालं, असं आम्ही म्हणालो आणि पुन्हा थांबलो.

निवडून आलेल्या सभागृहाची मुदत जून 2020 मध्ये संपली. पुढची पाच वर्षं आणि वर काही महिने प्रशासक होते. नगरसेवकाच्या दारात जाण्याची सोय राहिली नव्हती. इमारती मात्र चढत राहिल्या. परवानग्या मिळत राहिल्या, प्रमाणपत्रं निघत राहिली.

2021 मध्ये आराखड्याची मुदतही संपली.

थांबण्याचा हिशोब इथे बंद करतो.

आता जमिनीवरचं.

वसई रोड स्थानकापासून वालीव पाच किलोमीटरच्या आसपास आहे. जाहिरातीत लिहिलेलं असतं, स्थानकापासून दहा मिनिटं. हे मिनिट कोणत्या घड्याळातलं, हे विचारण्यात आम्ही वेळ घालवत नाही. संध्याकाळी गाळे सुटतात तेव्हा रेंज नाक्यापासून पुढे रस्त्याचं काय होतं, ते आपल्याला ठाऊक आहे. आपली गाडीही तिथेच अडकते.

शेअर रिक्षा हे आमचं सार्वजनिक वाहन आहे. मागे तीन, पुढे चालकाला खेटून चौथा. रिक्षावाल्यावर आमचा राग नाही. सरकारने जे काम सोडलं ते तो करतो आहे. त्याला उभं राहायला जागा नाही, थांबा नाही, आणि दंड मात्र आहे.

पायी जाणाऱ्याचं सांगायचं तर, फुटपाथ जिथे आहे तिथे त्यावर टेम्पो उभा असतो. जिथे टेम्पो नाही तिथे गटाराचं झाकण उघडं असतं. जिथे झाकण नीट आहे तिथे फुटपाथ संपतो. पावसाळ्यात रस्ता आणि गटार यांतला फरक दिसत नाही. ज्याला खड्डा पाठ आहे तो वाचतो.

हा औद्योगिक पट्टा आहे. इथे ट्रक येणारच. आमची तक्रार ट्रकबद्दल नाही. ट्रक, कंटेनर, शाळेची मुलं, सायकलवरचा कामगार आणि दूध आणायला निघालेली आजी, या सगळ्यांना एकाच डांबरी पट्टीवर सोडून वर आणखी शेकडो घरांना मंजुरी देणाऱ्या सहीबद्दल आहे.

पलीकडे महामार्ग आहे. राष्ट्रीय महामार्ग 48. नवे प्रकल्प त्याच्याकडे तोंड करून उभे राहतात, कारण विकताना 'हायवे टच' म्हणता येतं. सप्टेंबर 2025 मध्ये याच महामार्गाच्या कोंडीत एक लहान मूल रुग्णालयात पोचण्याआधी गेलं. यावर आम्ही भाषण करणार नाही.

दक्षिणेकडून दिवा–वसई लोहमार्ग जातो. त्यावर मालगाड्या भरपूर आहेत. प्रवासी गाड्या बोटांवर मोजाव्यात इतक्या. मीरा रोडच्या शिवाजी चौकापासून विरारपर्यंत मेट्रो 13 प्रस्तावित आहे. विरार–अलिबाग मार्गिका आहे, विरारला बुलेट ट्रेनचं स्थानक आहे. जाहिरातीत हे सगळं आजच धावतं. चावी घेतल्यावर माणूस वालीव नाक्यावर रिक्षाची वाट बघत उभा राहतो.

आपण म्हणाल, नियमांप्रमाणे मंजुरी दिली.

नियम आम्हीही वाचले आहेत.

डिसेंबर 2020 पासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. तिच्यात समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर प्रीमियम आणि टीडीआरचं (हस्तांतरणीय विकास हक्काचं) चटईक्षेत्र ठरतं. रस्ता रुंद, तर बांधकाम जास्त. तर्क बरोबर आहे. म्हणून आमचा पहिला प्रश्न तिथेच आहे. मंजुरी देताना रुंदी कोणती धरली? नकाशातली की जमिनीवरची? वालीवमधल्या प्रत्येक प्रकल्पाबाबत याचं उत्तर आम्हाला लेखी हवं आहे. नकाशातला रस्ता मोजून मजले वाढवले असतील आणि जमिनीवर तो रस्ताच नसेल, तर ते मजले कशावर उभे आहेत?

त्याच नियमावलीत कोणत्या सदनिकेमागे किती गाड्या आणि किती स्कूटर लावायच्या, याचा तक्ता आहे. गाडी उभी कुठे राहील याची काळजी शासनाने तक्ता करून घेतली. ज्याच्याकडे गाडी नाही तो घरी कसा पोचेल, याचा तक्ता नाही. वालीवमध्ये गाडी नसलेलेच जास्त.

महापालिका अधिनियमाचंही तसंच. रस्ते बांधणं आणि राखणं कलम 63 मध्ये, म्हणजे बंधनकारक कर्तव्यांत. लोकांसाठी वाहतूक सेवा चालवणं कलम 66 मध्ये, म्हणजे ऐच्छिक. जमलं तर करा. पाच किलोमीटरवर घरं बांधू द्यायची आणि बस जमलं तर द्यायची, अशी ही विभागणी कायद्याने केली असेल. ती कायद्यातच राहू द्या. परवानगी द्यायची की नाही, हे आपण ठरवता.

प्रश्न विचारायची सोय कायद्यात नाही, असं मात्र म्हणू नका. 14 सप्टेंबर 2006 च्या पर्यावरण आघात अधिसूचनेनुसार 20,000 चौरस मीटर आणि त्यावरच्या बांधकामांना पर्यावरण मंजुरी लागते. त्या अर्जाच्या प्रपत्र 1-अ मध्ये विचारलं आहे: सध्याची वाहतूक व्यवस्था कशी आहे? ती सुधारायला काय करणार? प्रवेशद्वारावरच्या रहदारीचं नियोजन काय? आतले रस्ते, सायकलमार्ग, पदपथ कसे आहेत? प्रपत्रातले हे प्रश्न वीस वर्षांपूर्वीचे आहेत. उत्तरं भरून दिली जातात. उत्तर आणि जागा यांची गाठ कोणी घालून बघतं का, एवढंच पाहायचं राहिलं आहे.

मंजुरी मिळालेल्या प्रकल्पाने अटींचं पालन कसं केलं, याचा अहवाल दर वर्षी 1 जून आणि 1 डिसेंबरला द्यायचा असतो. तो सार्वजनिक दस्तऐवज आहे. आम्ही ते अहवाल वाचायला घेतले आहेत. प्रवेशद्वारावर उभं राहून वाचतो आहोत.

मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पदपथ वापरण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. म्हणजे फुटपाथ ही आता शोभेची कामगिरी राहिलेली नाही.

आपण असंही म्हणाल की हे कुठेच होत नाही. होतं. याच राज्यात झालं आहे.

नवी मुंबईत मानखुर्दहून वाशी, बेलापूर, पनवेलकडे लोकल गेली, तेव्हा त्या लोहमार्गाच्या खर्चातला 67 टक्के वाटा सिडकोने उचलला आणि 33 टक्के रेल्वेने. 1992 मध्ये वाशीला लोकल पोचली. शहर वसवणाऱ्यानेच वाहतुकीचे पैसे मोजले. जमीन विकून जो पैसा आला त्यातला काही रुळांत घातला. स्थानकं आधी आखली, वसाहती त्यांच्याभोवती. नवी मुंबईत दोष पुष्कळ आहेत. पण तिथे घर घेणाऱ्याला स्थानक कुठे आहे, हे घर घेतानाच कळलं.

तीच सिडको 1990 मध्ये आमच्याकडे आली. आमच्याकडे नकाशा आला. रूळ आले नाहीत.

फरक आम्हाला समजतो. तिथे जमीन सिडकोची होती, इथे खासगी. जमीन विकून पैसा उभा करायची वाट इथे नव्हती. मान्य. पण विकास शुल्क इथेही घेतलं जातं. वाढीव चटईक्षेत्राचा प्रीमियम इथेही घेतला जातो. जमीन आपली नसेल, पैसा आपल्याकडे येतो. वालीवमधून किती आला आणि वालीवच्या वाटांवर किती गेला, हा हिशोब एका पानावर मावेल. ते पान आम्हाला हवं आहे.

ब्रिटनमध्ये मोठ्या बांधकामाच्या परवानगीसोबत प्रवास आराखडा द्यावा लागतो. इथले रहिवासी गाडीशिवाय कसे जातील, त्यासाठी बांधणारा काय करणार, आणि ते झालं की नाही हे कोण तपासणार, हे त्यात लिहितात. वालीवला याहून अवघड काही नको आहे.

आता सर्वांत जास्त ऐकलेला आक्षेप. इथली निम्मी बांधकामं अनधिकृत, त्यांनी भोगवटा कधी मागितलाच नाही; मग भोगवटा रोखून काय साधणार?

हा आक्षेप आपल्या तोंडी शोभत नाही. तरी उत्तर देतो.

नालासोपारा पूर्वेला आचोळ्यात 41 इमारती कचराभूमी आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव ठेवलेल्या जागेवर उभ्या राहिल्या. लोकांनी घरं घेतली, संसार मांडले. 2024 मध्ये उच्च न्यायालयाने पाडण्याचा आदेश दिला आणि नोव्हेंबरपासून त्या पाडल्या गेल्या. जागा राखीव होती, हे नकाशाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ते जमिनीवर कोणी लिहून ठेवलं नव्हतं. किंमत रहिवाशाने दिली. ऑगस्ट 2025 मध्ये विरारला अनधिकृत इमारत कोसळून 17 माणसं गेली. तिथेही किंमत रहिवाशानेच दिली.

रस्त्याच्या आरक्षणाचंही हेच होतं. नकाशात 20 मीटरचा रस्ता, जमिनीवर त्याच्या मधोमध गाळा. गाळा पाडायला मग कोणी जात नाही, कारण तिथे आता माणसं आहेत. म्हणून आमचं म्हणणं असं की भोगवटा रोखण्याआधीही एक काम आहे. वालीव परिसरातला आराखड्यातला प्रत्येक रस्ता मोजा. जमिनीवर खुणेचे दगड गाडा. पाटी लावा: हा रस्ता आहे, इथे घर घेऊ नका. यासाठी शासनाचा निर्णय लागत नाही. मोजणीदार लागतो.

उरलेलं तितकंच साधं आहे.

नव्या प्रकल्पाच्या फाटकापासून जवळच्या बसथांब्यापर्यंत सलग पदपथ हवा. सलग म्हणजे मधे न तुटणारा. थांब्यावर छप्पर आणि दिवा हवा. कामगारांच्या पाळ्या धरून बसच्या फेऱ्या हव्यात, आणि त्या रात्रीच्या पाळीलाही हव्यात. बायका गाळ्यांत काम करतात, हे वेळापत्रक करणाऱ्यांना कोणीतरी सांगायला हवं. बस वळवायला आणि उभी करायला जागा हवी, आणि ती जागा पुढच्या आराखड्यात आरक्षणाच्या रंगात दिसायला हवी. शेअर रिक्षांना अधिकृत थांबे द्या. ट्रकना माल चढवण्या-उतरवण्याची जागा गाळ्यांच्या आवारात करायला लावा, रस्त्यावर नव्हे. प्रकल्प टप्प्यांनी होत असेल तर भोगवटाही टप्प्यांनी द्या: जेवढी बस, तेवढी घरं.

हे महाग नाही. उड्डाणपुलाच्या एका खांबाएवढाही खर्च यातल्या बऱ्याच कामांना येत नाही. उद्घाटनाला फीत कापता येत नाही, एवढीच अडचण आहे.

बांधकाम व्यावसायिकांनाही एक शब्द. आपल्याशी आमचं वैर नाही. आमच्यापैकी पुष्कळ जण आपल्याच इमारतींत राहतात. वाट झाली तर आपलं घर विकलं जाईल. झाली नाही, तर काय होईल ते खाली लिहिलं आहे.

मुदत साठ दिवसांची. आराखड्यातले रस्ते मोजण्याचं काम सुरू झालेलं दिसलं पाहिजे. प्रकल्पनिहाय रस्त्याच्या रुंदीची माहिती प्रसिद्ध झाली पाहिजे. शुल्काचा आणि प्रीमियमचा हिशोब आला पाहिजे. आणि वाटेशिवाय भोगवटा नाही, हे लेखी परिपत्रकात आलं पाहिजे. तोंडी आश्वासन आम्ही घेणार नाही. चहाही घेणार नाही.

साठ दिवसांनंतर आम्ही काय करणार नाही, ते आधी ऐका.

रेल्वे रोखणार नाही. महामार्ग अडवणार नाही. तो आमच्याशिवायच अडतो. काच फुटणार नाही. कोणाच्या तोंडाला काळं फासलं जाणार नाही. घरपट्टी भरली जाईल, वेळेवर, पावती घेऊन. आपल्याला अटक करायला सोपं जाईल असं काहीही होणार नाही.

काय करू, ते आता.

वालीवमध्ये सुरू असलेल्या प्रत्येक गृहप्रकल्पाची फाइल माहिती अधिकारात मागितली जाईल. एक अर्ज नव्हे. प्रत्येक फाइलला वेगळा अर्ज, वेगळ्या माणसाचा. उत्तराला तीस दिवस. मग पहिलं अपील, मग दुसरं. प्रमाणपत्रावर सही कोणत्या हुद्द्याने, कोणत्या तारखेला केली, आणि त्या तारखेला फाटकासमोर काय होतं, हे दोन्ही शेजारी ठेवून प्रसिद्ध केलं जाईल. फोटोसह.

जिथे जाहिरातीत दहा मिनिटं आणि येऊ घातलेली मेट्रो लिहिली आहे, तिथे स्थावर संपदा कायद्याचं कलम 12 आहे. जाहिरातीतल्या खोट्या विधानावर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाला भरपाई मागता येते, पैसे परत मागता येतात. या कायद्याखालच्या महारेरा प्राधिकरणाकडे तक्रार कशी करायची, याचे वर्ग आमच्या सोसायट्यांच्या गच्चीवर भरतील. नमुन्याचे अर्ज तयार आहेत.

मोठ्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी मिळाली की राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाकडे तीस दिवसांत अपील करता येतं. ते केलं जाईल. प्रपत्र 1-अ मधली उत्तरं आणि आमचे फोटो सोबत असतील. उच्च न्यायालयाचा रस्ता वसईकरांनी पुरेसा तुडवलेला आहे. तो विचारत जावा लागत नाही.

रविवारी प्रकल्पांची विक्री कार्यालयं गजबजतात. त्या वेळी आमची माणसं कार्यालयाबाहेर, सार्वजनिक जागेत, शांतपणे उभी राहतील. घर बघायला आलेल्या कुटुंबाला एवढंच सांगतील: घर जरूर घ्या, पण आधी इथून स्थानकापर्यंत एकदा चालत जाऊन या, सोबत आम्ही येतो. हे सांगणं गुन्हा नाही. त्याचा परिणाम काय होईल, हे विक्री कार्यालयातल्या मुलांना विचारा.

आणि एक सकाळ. पोलिसांना आगाऊ लेखी कळवून, दिवस ठरवून. त्या सकाळी पहिल्या पाळीचे कामगार वसई रोड स्थानकाच्या पूर्वेला उतरतील आणि रिक्षात बसणार नाहीत. गोखिवरे, सातिवली, वालीव, या वाटेने सगळे पायी निघतील. ज्या रस्त्याला फुटपाथ आहे तिथे फुटपाथवरून चालतील. जिथे नाही तिथे कुठून चालायचं, हे आपण तोवर ठरवून ठेवा. गाळे उशिरा उघडतील. गाळ्यांच्या मालकांना हे माहीत आहे. त्यांतले काही आमच्यासोबत चालणार आहेत.

पुढच्या वीस वर्षांच्या आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होईल, तेव्हा कायद्याने हरकती मागवाव्याच लागतील. प्रत्येक हरकतीला सुनावणी द्यावी लागेल. मागच्या वेळी पूर्व पट्टा गप्प होता, हे वर लिहिलंच आहे. या वेळी मंडप मोठा घाला.

यातलं काहीही करायला आम्हाला कोणाची परवानगी लागत नाही, एक सकाळ सोडली तर. माणसं ठरली आहेत, कामं वाटली आहेत. सोसायट्यांच्या सभांत ठराव झाले आहेत. कोणत्याही पक्षाचा झेंडा यात नाही; आणायला आलेल्यांना आम्ही बाहेर चप्पल ठेवायची जागा दाखवली.

आपल्यापुढे दोन टेबलं आहेत. एकावर आम्ही बसून बोलू शकतो, नकाशा उघडून, मोजणीदाराला सोबत घेऊन. दुसरं न्यायालयात आहे. पहिल्या टेबलाचं आमंत्रण अजून कायम आहे.

वालीवकरांना आणि आजूबाजूच्या गावांना आवाहन: आपल्या इमारतीच्या भोगवटा प्रमाणपत्राची प्रत काढून ठेवा. ती नसेल तर तसं लिहून ठेवा. घर घेताना मिळालेली जाहिरात, माहितीपत्रक, करारनामा फेकू नका. फाटकापासून बसथांब्यापर्यंतच्या वाटेचे फोटो काढा, तारीख दिसेल असे. हे कागद आपल्या सोसायटीच्या सचिवांकडे या महिन्यातच जमा करा.

या पत्राची प्रत भोगवट्यावर सही करणाऱ्यांच्या कार्यालयात आज दिली आहे. पोच घेतली आहे. साठ दिवस त्या तारखेपासून मोजले जातील.